पैजेचा जिताडा

"हात घाल पाण्यात," आई म्हणाली. "कोपरापर्यंत."

होडी अजून धक्क्याला बांधलेलीच होती. मी शर्टाची बाही वर सरकवली, कडेवरून वाकलो आणि हात खाडीत बुडवला. नोव्हेंबरातलं सकाळचं पाणी, चांगलंच गार.

"बोटं दिसतायत?"

"दिसतायत. नखंसुद्धा."

"म्हणजे पाणी स्वच्छ आहे. अष्टमीचं भांगाचं पाणी, त्याला ओढ कमी, म्हणून गाळ ढवळला जात नाही. अशा पाण्यात मासा आपल्याला आधी बघतो." तिनं मांडीवरचा स्टीलचा ट्रे उघडला. एकेकाळी या ट्रेमध्ये इंजेक्शनच्या सुया उकळलेल्या असायच्या. आता त्यात कापसाच्या घड्यांवर खोटे मासे ओळीनं निजवलेले होते. लाकडाचे, प्लॅस्टिकचे, रबराचे, कुणी बोटाएवढा, कुणी वीतभर, प्रत्येकाच्या पोटाखाली तीन तोंडांचे गळ. त्यातला एक बारीक रुपेरी मासा तिनं उचलून माझ्या हातावर ठेवला. "जिताडा इथे बोय मासा खातो. हा बोयसारखा दिसतो. लांबून फेकायचा, बारीक दोरीवर. आपली सावली त्याच्यावर पडता कामा नये."

"शेहरातला मानूस, लांब कसला फेकतोय!" मागे वल्ह्यावर बसलेला काशिनाथ हसून म्हणाला. काशिनाथ नाखवा आमच्या शेजारचाच. पन्नाशीचा गडी, स्वतःची होडी, आणि आईवर भारी जीव. त्याच्या तिन्ही मुलींची बाळंतपणं तिनं केली होती.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा अडतीस वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. आई चौसष्ट. एकतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. वडील गेल्यावरही तिनं नांदळे सोडलं नाही, आणि सगळं गाव तिला अजून सिस्टरच म्हणायचं. निवृत्तीनंतर ती भजनी मंडळात जाईल, लोणची घालेल, असं मला वाटलं होतं. पण एके दिवशी पुण्याचे कुणी गाडगीळ नावाचे गृहस्थ, खाडीवर हौसेनं मासेमारी करायला आलेले, कानाच्या पाळीत स्वतःचाच गळ रुतवून तिच्या दारात उभे राहिले. आईनं तो गळ काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्यांना दवाखान्यात पिटाळलं आणि जाता जाता सहज विचारलं, "हे एवढं करून मिळतं काय?" गाडगीळांनी परत येऊन तिला धक्क्यावर नेलं आणि एकदा फेकून दाखवलं. तिसऱ्या फेकीला आईच्या हातात दोन वितींचा जिताडा लागला. झालं. पुढची चार वर्षं गाडगीळ एसटीच्या पार्सलनं तिला खोटे मासे पाठवत राहिले.

मी त्या शुक्रवारी संध्याकाळी तिला कायमचं पुण्याला न्यायला आलो होतो. आदल्याच महिन्यात ती अंगणात घसरून पडली होती, गुडघा आठवडाभर सुजला होता. गाडी चालवताना मी मुद्दे घोकत आलो होतो. एकटी राहतेस. रात्री-अपरात्री काही झालं तर. त्यात खाडीवर होडीनं हिंडतेस, या वयात. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा मला भाकरी वाढली, आणि माझं संपल्यावर हात धुऊन येऊन म्हणाली,

"राजश्री का नाही आली?"

"तिला सुट्टी नाही," मी बायकोचं कारण सांगितलं.

"हं." तिनं पदराला हात पुसले. "पैज लाव. उद्या नि परवा मिळून सकाळच्या दोन ओहोट्या आहेत. तू स्वतःच्या हातानं, खोट्या माशावर, एक जिताडा पकड. पकडलास तर मी रविवारी तुझ्या गाडीत बसते. नाही पकडलास तर हा विषय वर्षभर काढायचा नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

तर असा मी शनिवारी सकाळी त्या होडीत होतो. माझी पहिली फेक काशिनाथच्या टोपीला लागली. दुसरी तिवराच्या फांदीत गेली. तिसरीला रीळवरच्या दोरीचं घरटं झालं आणि आई ते सोडवत बसली. तासाभरानं मात्र हाताला वळण लागलं. रुपेरी मासा सूं करत जायचा, लांब पाण्यात पडायचा आणि मी रीळ फिरवत त्याला परत आणायचो.

"एकाच चालीनं नको आणूस. बोय असा सरळ रेषेत पोहतो का? दोन वेढे जोरात, मग जरा थबक, मग पुन्हा."

मी तसं केलं. मधल्या वेळात आईनं स्वतः एक लहानसा जिताडा काढला, आर्टरी फोर्सेप नावाच्या दवाखान्यातल्या चिमट्यानं त्याच्या ओठातला गळ अलगद सोडवला आणि त्याला पाण्यात सोडून दिलं. जखमेतला टाका काढावा इतक्या सहज.

"मला एक सांग," मी म्हणालो, "तू मला सगळं खरंखरं शिकवतेयस ना? मी जिंकलो तर तुझंच नुकसान आहे."

तिचा चेहरा एकदम कडक झाला. लहानपणी मी औषध थुंकलो की व्हायचा तसा. "एकतीस वर्षांत कुणाला चुकीचं औषध दिलंय का मी? फेक."

साडेनवाच्या सुमाराला मला तो दिसला. माझ्या रुपेरी माशाच्या मागे पाण्यात एक लांब, काळपट पाठ सरकत येत होती. होडीपासून दहा हातांवर येईपर्यंत ती पाठ त्याच्या मागेच होती. माझा हात थांबला. खोटा मासा पाण्यात नुसता तरंगत राहिला. मोठ्या माशानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि शेपटी हलवून तो खोल निघून गेला.

"थांबलास का?" आई ओरडली.

"घाबरलो."

"तू घाबरलास ते ठीक आहे. पण ज्याच्या मागे जिताडा लागलाय तो बोय घाबरून थांबेल का? तो जीव घेऊन पळेल."

पाणी उतरून चिखल उघडा पडेपर्यंत आम्ही खाडीवर होतो. मला काही लागलं नाही. घरी येऊन मी तिच्या हातचं कोळंबीचं कालवण आणि भात असा काही जेवलो, की ती माझ्याकडे बघतच राहिली.

"घरी जेवत नाहीस का रे?"

"जेवतो की. खाडीवरची हवा लागली." मी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

पहाटे कधीतरी डोंगराच्या बाजूला अवेळी पाऊस झाला. गावात चार थेंबसुद्धा पडले नव्हते, पण रविवारी सकाळी धक्क्यावर आलो तर काशिनाथ कमरेवर हात ठेवून उभा होता.

"सिस्टर, पानी बगा कसा झालाय. च्यायसारखा."

वरच्या ओढ्यांनी लाल माती आणून खाडीत ओतली होती. मी न सांगता बाही सरकवली आणि हात घातला. मनगटाच्या खालचा हात नाहीसा झाला.

"मग आज काय?" आईनं विचारलं. तिनं ट्रे उघडून माझ्यापुढे धरला.

मी विचार केला. पाणी गढूळ, म्हणजे लांबून दिसणारं काहीतरी पाहिजे. मी सगळ्यात चकचकीत, चांदीसारखा मासा उचलला.

"ऊन कुठे आहे?" ती म्हणाली. "चकाकायला उजेड लागतो. एवढ्या गाळात उजेड आत पोचतच नाही. आज मासा डोळ्यांनी शोधणार नाही. त्याच्या अंगावरून एक रेघ असते बघ, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, तिनं त्याला पाण्यातली हालचाल समजते. मग त्याला काय द्यायला पाहिजे?"

"हलणारं. आवाज करणारं."

"आणि?"

मी ट्रेमध्ये बघत राहिलो. कोपऱ्यात एक जाडजूड, काळाकुट्ट मासा होता, कुरूपच म्हणायला हवा. उचलून हलवला तर पोटातले छर्रे खुळखुळले.

"हा. पण काळा रंग गढूळ पाण्यात दिसेल?"

"खालून वर बघताना काळाच ठसठशीत दिसतो. ढगाळ आभाळासमोरचा कावळा बघ. आणि आज पळवायचा नाही. सावकाश आणायचा, त्याला शोधायला वेळ दे." तिनं स्वतःच्या हातानं तो माझ्या दोरीला बांधला. पुढचा हातभर तुकडा जाड दोरीचा जोडला. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी कापून जाते म्हणून. गाठ थुंकीनं ओली करून तिनं ती दोनदा ओढून पाहिली. ती गाठ किती पक्की होती ते मला नंतर कळलं, पण ती बांधताना तिच्या मनात काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काशिनाथनं होडी उघाडीकडे नेली. उघाडी म्हणजे खारजमिनीच्या बांधातलं लाकडी दार. भरती आली की ते मिटतं आणि समुद्राचं पाणी शेतात शिरू देत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं आपोआप उघडतं. आम्ही पोचलो तेव्हा ते नुकतंच उघडलं होतं. आतून लाल पाणी भसाभसा बाहेर पडत होतं आणि त्या लाल पाण्याला खाडीचं जरा निवळ, हिरवट पाणी भिडलं होतं. दोघांच्या मध्ये आखून काढावी अशी रेघ होती.

"मासा त्या रेघेच्या अलीकडे उभा असणार," आई हलक्या आवाजात म्हणाली. "आतून वाहून येणाऱ्या कोळंब्यांची वाट बघत. लाल पाण्यात फेक आणि रेघेवरून अलीकडे आण."

पहिल्या चार फेकी रिकाम्या गेल्या. पाचवी बांधाच्या अगदी जवळ पडली. मी सावकाश रीळ फिरवू लागलो. छर्रे खुळखुळत असल्याचं रॉडमधून तळहाताला जाणवत होतं. काळा मासा रेघेवर आला, आणि पाण्यात टप् असा आवाज झाला. कुणीतरी बंद दारावर आतून थाप मारावी तसा. रॉड वाकला. रीळ किंचाळायला लागलं.

"लागला!" काशिनाथ उभाच राहिला. "लागला रे, पोरा!"

मासा बांधाकडे पळाला. मी वेड्यासारखा ओढायला लागलो.

"ओढू नकोस! जाऊ दे त्याला, दोरी जाऊ दे!" आई माझ्या पाठीशी आली. "तो दमला की तुझी पाळी. आता... आता तो उडी मारणार बघ, रॉड खाली कर! खाली, पाण्याला लाव!"

मी रॉडचं टोक खाली नेलं आणि त्याच क्षणी तो पाण्याबाहेर आला. पितळी अंगाचा, हे एवढं तोंड उघडलेला, डोकं डावी-उजवीकडे झटकत. छर्र्यांचा आवाज हवेत ऐकू आला. दोरी ढिली पडली असती तर गळ तिथेच सुटला असता. सुटला नाही. तो पाण्यात पडला आणि पुन्हा पळाला.

"शाब्बास. आता घे. हळू. बांधाच्या खांबांकडे जाऊ देऊ नकोस, काशिनाथ, होडी मागे घे, मागे!"

तिचा आवाज माझ्या कानाशी होता आणि त्यात नुसता उत्साह होता. घामानं डोळे चुरचुरत असतानाच माझ्या लक्षात आलं, की ही बाई आपलं घर, आपली खाडी, आपली सकाळ हरायला मला मदत करतेय, आणि एक शब्दही आखडता घेत नाहीये. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. मी पहिल्या मिनिटात तो मासा घालवला असता.

पंधरा-वीस मिनिटांनी तो कुशीवर झाला. काशिनाथनं जाळी खाली घातली. पावणेदोन हात लांब. आईनं फोर्सेपनं दोन्ही गळ काढले, टेपनं लांबी मोजली, आणि ओल्या फडक्यात धरून त्याला माझ्याकडे दिलं.

"जबडा असा धर. पाण्यात ठेव त्याला, तोंड प्रवाहाकडे. दम खाऊ दे."

"सिस्टर!" काशिनाथ कळवळला. "आवरा मोठा जिताडा कोन पान्यात सोडतं काय!"

"एवढी मोठी झाली म्हणजे मादी आहे, काशिनाथ. जिताडा आधी नर असतो, वाढला की मादी होतो. हिच्या पोटात लाखभर अंडी असतात. तुझ्या नातवाच्या जाळ्यात येतील."

माझ्या हातात तो जड, थंड जीव कल्ले हलवत राहिला. मग एकदम अंग आवळून त्यानं मला हिसडा दिला, तोंडावर पाणी उडवलं आणि लाल पाण्याखाली गेला. आम्ही तिघेही हसायला लागलो. मला आठवतं, कितीतरी दिवसांनी मी असा मोठ्यानं हसलो होतो.

घरी आल्यावर आईनं चहा केला, आपला कप संपवला आणि उठली. मला वाटलं स्वयंपाकाला लागेल. तिनं माळ्यावरची बॅग काढली. चार लुगडी घडी घालून ठेवली, गुडघ्याचा पट्टा ठेवला, औषधं ठेवली. मग पिंपातलं पाणी अंगणातल्या अळूला ओतलं, पिंप उपडं घातलं. रॉडचे दोन तुकडे केले, रिळांना तेलाचा बोळा फिरवला, आणि ते सगळं जुन्या साडीत गुंडाळून काशिनाथच्या बायकोला हाक मारली.

"हे तुमच्याकडे राहू दे, यशोदा. कोरड्या जागी ठेव."

यशोदा गाठोडं घेऊन उभीच राहिली. "कवा येनार मंग?"

"बघू," आई म्हणाली.

ती आत आली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. देवाजवळची निरांजनं पुसून कागदात बांधत होती. रुग्णालयातून निवृत्त झाली त्या दिवशी तिनं आपलं कपाट असंच आवरलं होतं, मी बघितलं होतं. मी ओटीवर बसलो होतो, पैज जिंकलेला, आणि माझ्याच्यानं तिथे बसवेना.

"आई, राहू दे ते."

"का? अंधार पडायच्या आत घाट चढायला नको का?"

"तू येऊ नकोस."

तिनं वर बघितलं.

"राजश्री घरी नाही," मी म्हणालो. "मार्चमध्ये गेली. हैदराबादला बदली मागून घेतली तिनं. भांडण असं काही नाही झालं. आम्हाला बोलायला काही उरलंच नव्हतं. कागदपत्रं होतील आता." "तुझ्या गुडघ्याचं निमित्त होतं. मला घरात पाऊल टाकवत नाही ग. ऑफिसात नऊ-नऊ वाजेपर्यंत बसतो. मला कुणीतरी घरात हवं होतं, म्हणून तुला न्यायला आलो. आणि सांगत राहिलो की तुझ्यासाठी."

तिनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. मग समोर पाटावर बसली.

"मार्च. म्हणजे आठ महिने."

"हो."

"आणि दर रविवारी मी फोनवर म्हणायचे, राजश्रीला दे, तेव्हा?"

"अंघोळीला गेलीय म्हणायचो."

"आठ महिने अंघोळ करतेय ती?" आई म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरला. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. तिलाही कळत नसावं. तिनं पदर तोंडाला लावला, मग खाली घेतला आणि रुग्णाशी बोलायच्या आवाजात विचारलं, "झोप लागते?"

"पहाटे लागते."

"जेवण?"

"बाहेर. कधी बिस्किटं."

"दारू?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही, आई."

"वजन उतरलंय तुझं. परवा दारात उभा राहिलास तेव्हाच दिसलं मला. मला वाटलं कामाचा ताण." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि निरांजनं पुन्हा कागदात बांधायला लागली.

"अग, मी म्हटलं ना, नको येऊस. पैज रद्द."

"पैज कशी रद्द? मासा लागलाय." तिनं गाठ मारली. "हे बघ हर्षू. मला सांभाळायला म्हणून नेत होतास ना, तर मी आले असते, शब्द दिला होता म्हणून. पण खिडकीत बसून महिन्याभरात वाळून गेले असते. मला सांभाळून घ्यायची सवय नाही. तुझं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मी कामावर आहे." मग दाराकडे तोंड करून ती ओरडली, "यशोदा! ते गाठोडं परत आण ग! पुण्यात तलाव असतील की. आणि तुमच्या ह्यांना सांग, होळीपर्यंत येते मी."

आम्ही तीनला निघालो. वाटेत ती राजश्रीबद्दल काही विचारेल, दोष कुणाचा ते ठरवेल, म्हणून मी अंग चोरून गाडी चालवत होतो. तिनं एकच सांगितलं, "मी तिला पत्र लिहीन. भांडायला नाही. आठ वर्षं सून होती, तिची खुशाली मला कळायला हवी." मग काच खाली करून बाहेरची भातशेतं बघत राहिली.

ती होळीपर्यंत राहिली. गाडगीळांना तिनं तिसऱ्याच दिवशी शोधून काढलं आणि रविवारी पहाटे आम्ही तिघे कुठल्या ना कुठल्या धरणावर जाऊ लागलो. मार्चमध्ये मीच तिला नांदळ्याला पोचवलं, आणि परत येऊन स्वतःच्या घराचं कुलूप उघडताना हात थबकला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं मला जास्त आठवतं ते कोलाडचं वाण्याचं दुकान.

बाजारपेठ आली तशी ती म्हणाली, "थांब जरा. घरात डाळ-तांदूळ तरी आहे का?"

"नाही."

"तेल? मीठ?"

"मीठ असेल."

तिनं कपाळाला हात लावला आणि गाडीतून उतरली. मी पिशवी घेऊन मागे गेलो. दुकानदारानं वही पुढे ओढली, पेन्सिल कानावरून काढली. आईनं तांदूळ सांगितले, तूरडाळ सांगितली, पोहे, गूळ, मोहरी, हिंग. तो लिहिता लिहिता थांबला.

"काकू, किती माणसांचा किराणा देऊ?"

आईनं मान वळवून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"दोघांचा," ती म्हणाली. "पण भरपूर द्या. एकाची मागची आठ महिन्यांची बाकी आहे."